बेटाच्या आडोशाचे गाव

हर्णैवर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक किल्ल्यांवर. कोणी बांधला, कोणी जिंकला, कोणी कोणाच्या हवाली केला, तोफा किती होत्या, दरवाजा कोणत्या दिशेला आहे. ही माहिती महत्त्वाची आहे आणि पुढच्या पानांत ती सविस्तर येईलच. पण या प्रस्तावनेत वाचकाचे लक्ष मला तटबंदीवरून खाली, सुवर्णदुर्गाचे बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यावर आणायचे आहे. हर्णैचा सगळा इतिहास त्या पाण्यात साठला आहे, असे माझे मत आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर गलबताला थांबायचे तर साधारणपणे खाडीत शिरावे लागते. बाणकोटला सावित्री आहे, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. हर्णैला अशी मोठी खाडी नाही. उत्तरेला आंजर्ल्याजवळ जोग नदी समुद्राला मिळते, पण तिचे मुख उथळ आणि गाळाचे. तरीही शेकडो वर्षे गलबते हर्णैला थांबत आली, कारण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात एक खडकाळ बेट उभे आहे आणि दक्षिणेकडून कनकदुर्गाचे भूशिर पाण्यात घुसले आहे. या दोघांच्या कुशीत उत्तरेकडचा वारा मंदावतो. दिवाळीनंतर उत्तरेचा वारा जोर धरतो, तेव्हा उघड्या समुद्रावर हेलकावे खाणाऱ्या होडीला इथे नांगर टाकता येतो. नैर्ऋत्येचा पाऊस सुरू झाला की हाच आडोसा अपुरा पडतो आणि बंदर मिटते. वर्षाचे आठ-नऊ महिने आसरा आणि पावसाळ्यात काही नाही, हा हिशेब शिवाजी महाराजांच्या काळातही होता आणि आजही आहे.

आसरा होता म्हणून गलबते आली आणि गलबते आली म्हणून किल्ले आले. बेटावरचा सुवर्णदुर्ग बहुधा आदिलशाहीत उभा राहिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो स्वराज्यात आला आणि महाराजांनी त्याची मजबुती केली. तटाचा काही भाग बेटाचाच खडक तासून काढलेला आहे, त्यावर मोठमोठे चिरे रचलेले. महाद्वार किनाऱ्याच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला आहे, पण बुरुजांच्या आड असे दडवलेले की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय ते नजरेस पडत नाही. उंबऱ्याशी दगडात कोरलेले कासव आहे आणि बाजूच्या भिंतीवर मारुती. पश्चिमेला समुद्राकडे उतरणारा चोरदरवाजा आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे आणखी तीन किल्ले. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या कनकदुर्गावर आज दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरे आहेत, तर गोवा किल्ल्याचा तट अजून बराचसा उभा आहे. चार किल्ल्यांनी मिळून राखले ते एवढेसे पाणीच.

या पाण्यावर आंग्र्यांचा अंमल बसला तो कान्होजींच्या काळात. सिद्दीचा वेढा पडला असताना किल्लेदार फितूर होणार, हे ओळखून तरुण कान्होजींनी सुवर्णदुर्ग हातात घेतला आणि लढवला, अशी परंपरागत हकिकत आहे. तिच्या तपशिलांत मतभेद आहेत. वादातीत आहे ते पुढचे. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाला आंग्र्यांचे दस्तक घ्यावे लागे आणि ते नसेल तर जहाज पकडले जाई. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही हे मानवणारे नव्हते. इंग्रजी कागदपत्रे कान्होजींना चाचा म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरच्या व्यापाराचा परवाना आपण द्यायचा, हा राज्याचा अधिकार आहे. तो हक्क पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षे बजावत होते, पण त्यांना कोणी चाचे म्हटले नाही. हर्णैच्या इतिहासाची इंग्रजी साधने वाचताना ही गोष्ट सतत मनात ठेवावी लागते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. मुलांमध्ये फूट पडली. पुढे विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हा दक्षिणेकडचा भाग तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी शूर होते, दर्यावर्दी म्हणून वडिलांच्या तोडीचे होते, पण पेशव्यांची सत्ता त्यांना मान्य नव्हती आणि शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होता. शेवटी नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. बोलणी पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी केली. मार्च १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे जहाज आणि त्याच्या जोडीला लहान जहाजे घेऊन मुंबईहून निघाला.

पुढे जे घडले ते इंग्रज इतिहासकार ऑर्म याने तपशिलाने लिहून ठेवले आहे. जेम्सचे जहाज दिसताच बंदरातले आंग्र्यांचे आरमार दोर तोडून दक्षिणेकडे निघाले. वारा पडलेला होता. वाऱ्याची एकेक झुळूक पकडण्यासाठी खलाशांनी मिळेल ते कापड, अंगावरचे कपडे आणि डोक्यावरची पागोटीसुद्धा शिडांसारखी पसरली. ती गलबते निसटली. मग जेम्स किल्ल्याकडे परतला. जोडीला आलेले पेशव्यांचे आरमार तटाच्या जवळ जायला तयार नव्हते, तेव्हा त्याने रात्री स्वतः फिरून पाण्याची खोली मोजली आणि आपले जहाज तोफेच्या माऱ्यात आणता येईल इतके पाणी कुठे आहे ते शोधून काढले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बेटावर गोळे पडू लागले. एका गोळ्याने शाकारलेल्या छपराला आग लागली, आग दारूकोठारापर्यंत पोहोचली आणि कोठार उडाले. आतली माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, होड्यांत बसून बाहेर पडली आणि वाटेत पकडली गेली. किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याने शरणागती पत्करली. त्यानंतरही काही माणसे पुन्हा बेटावर जाऊन लढायला उभी राहिली, पण जेम्सच्या खलाशांनी कुऱ्हाडींनी दरवाजा फोडला आणि सुवर्णदुर्ग पडला.

या लढाईचा निकाल तोफांइतकाच पाण्याच्या खोलीवर लागला, म्हणून मी ती एवढी विस्ताराने सांगितली. कुठे किती वाव पाणी आहे, हे ज्ञान इथल्या कोळ्यांना आणि भंडाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या होते. ते परक्या कप्तानाच्या हाती एका रात्रीत गेले आणि सुवर्णदुर्गाचा आडोसा त्याचा झाला. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गही पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि त्या व्यवहारात इंग्रजांनी बाणकोट पदरात पाडून घेतले. घरातला बंडखोर मोडण्यासाठी नानासाहेबांनी समुद्रावरची स्वतःची भिंत पाडली, हा इतिहासकारांनी अनेकदा दिलेला निर्णय मला मान्य आहे. तुळाजींचे दोष खरे होते, पण त्यांच्या आरमाराच्या जागी ठेवायला पेशव्यांकडे तसे दुसरे आरमार नव्हते.

याच घटनेचा एक धागा लंडनपर्यंत जातो. विल्यम जेम्स १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने दुसऱ्या वर्षी, १७८४ मध्ये, लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ त्रिकोणी मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचेच नाव दिले. इंग्रजी उच्चारात ते ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ झाले. मनोरा अजून उभा आहे, जतन केलेला आहे, लोक तिकीट काढून वर चढतात आणि लंडन शहर पाहतात. ज्या किल्ल्याच्या नावाने तो उभा आहे, त्याच्या तटावर मात्र वडा-पिंपळाची मुळे चिरे फोडीत आहेत आणि आतल्या टाक्यांत गाळ साचला आहे. विजेत्यांनी आपली आठवण राखली, यात नवल नाही. आपण आपली राखायची की नाही, हे आपल्या हातात आहे, आणि सुवर्णदुर्गाच्या बाबतीत आपण कमी पडलो आहोत.

हर्णैने नंतर आणखी एक मोठा प्रसंग पाहिला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव कोकणात उतरले, महाडवरून सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आले आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेले. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांनी घेतला आणि बंदराचे लष्करी महत्त्व संपले.

त्यानंतरचा हर्णै मुंबईच्या आगबोटींचा. रस्ते नसलेल्या त्या काळात मुंबई-गोवा मार्गावरच्या बोटी बंदराबंदरांना थांबत आणि हर्णै त्यांतले एक होते. बोट खोल पाण्यात उभी राही, पडाव तिच्या कडेला लागत आणि चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, आंब्याच्या करंड्या, बायकामुले असे सगळे हेलकाव्यांत वरखाली होत चढत-उतरत. पावसाळ्यात बोटी बंद. दापोली तालुक्यातल्या जुन्या माणसांच्या आठवणींत आजही हर्णैचा पडाव हटकून येतो. या परिसराला साहित्यात स्थान मिळाले आहे. पालगडचे साने गुरुजी, मुरुडचे महर्षी कर्वे, मुर्डीचे श्री. ना. पेंडसे ही माणसे याच तालुक्यातली. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’तली गारंबी इथून फार दूर नाही. पण त्या सगळ्या लेखनात दिसतो तो पोफळींच्या बागांतला, पाटाच्या पाण्यावरचा, देवळाभोवतीचा कोकण. कोळीवाड्यातून लेखणी उशिरा उचलली गेली. म्हणून हर्णै आणि शेजारच्या पाजपंढरीच्या माणसांकडे जे आहे ते बोलण्यात आहे, आणि या पुस्तकाने ते बोलणे ऐकायचा प्रयत्न केला आहे.

त्या बोलण्यातली पहिली गोष्ट तिथी. तांडेलाला घड्याळ लागत नाही, असे नव्हे. आता बोटीवर जीपीएस असते, मासळीचा थवा दाखवणारे यंत्र असते, वायरलेस असतो. तरीही भरती-ओहोटीचा हिशेब चंद्राशी बांधलेला आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ हाती येते. अष्टमीला साधारण सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता, दिवसा तशी रात्री. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. उधाणाच्या ओढीवर डोलीचे जाळे चांगले भरते, कारण ते जाळे मासळीच्या मागे जात नाही. खुंटाला बांधलेले राहते आणि ओढीबरोबर वाहत येणारे बोंबील आणि जवळा त्यात शिरतात. भांगाला पाणी सुस्तावते आणि कामही. आठवड्याच्या वारांवर चालणाऱ्या शहरी माणसाला हे सांगावे लागते. इथल्या पोराला ते उपजत असते.

दुसरी गोष्ट लिलावाची. हर्णैचा मासळीबाजार कोकणात प्रसिद्ध आहे आणि त्याची कीर्ती रास्त आहे. पाणी उथळ आहे, त्यामुळे भरलेल्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत. त्या आत उभ्या राहतात आणि लहान होड्या व बैलगाड्या माल ओढतात. छातीइतक्या पाण्यात बैल जोडलेली गाडी उभी आहे, वरून टोपल्या भरल्या जात आहेत, परतताना तीच गाडी बर्फ, डिझेलचे कॅन आणि पिण्याचे पाणी घेऊन जाते आहे, हे दृश्य महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच दिसते. मग वाळूवर ढीग पडतात : पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, कोळंबी, म्हाकूल, ढोमा, मांदेली. भोवती माणसांचे कडे जमते, बोली सुरू होते आणि काही क्षणांत मालकी बदलते. मोठ्या व्यापाऱ्याचा ट्रक आणि एक टोपली घेऊन गावोगाव फिरणारी कोळीण, दोघेही त्याच कड्यात उभे असतात. भाव ठरवण्यात बायकांचा शब्द वजनदार आहे. बोटीवरचे जग पुरुषांचे. वाळूला लागल्यावर मासळीचा ताबा, हिशेब, सुकवण आणि विक्री यांतला मोठा वाटा बायकांचा. हर्णैच्या अर्थव्यवस्थेवर लिहिणाऱ्याने हे दुय्यम मानले तर त्याचे सगळे चित्रच चुकेल.

बैलगाड्यांचे फोटो पर्यटक हौसेने काढतात. पण त्या गाड्या आहेत कारण बंदराला पुरेशा सोयीचा पक्का धक्का नाही, आणि धक्का नसल्याने मासळी उन्हात जास्त वेळ राहते, खलाशांचे श्रम वाढतात आणि वादळाची सूचना मिळाली की बोटी जयगड किंवा दिघीसारख्या सुरक्षित खाड्यांकडे पळवाव्या लागतात. धक्क्याची मागणी पिढ्यांची आहे. तो झाल्यावर हे दृश्य नाहीसे होईल, आणि तरीही तो व्हावा, असे मी निःसंकोचपणे म्हणतो. कोणाच्या तरी पाठीवरच्या ओझ्यावर आपली दृश्ये टिकावीत, ही अपेक्षा योग्य नाही.

पावसाळ्याआधी, आगोटीच्या दिवसांत, बोटी वर ओढल्या जातात आणि झाकल्या जातात. यांत्रिक मासेमारीला महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे ६१ दिवस. माशांच्या विणीचा हा काळ. जाळ्यांची दुरुस्ती, लग्नाच्या गोष्टी, उधारीचे हिशेब आणि सुकटीवरची जेवणे यांत हे दिवस जातात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की नवे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते.

निसर्गाच्या बाजूने पाहिले तर हर्णैच्या आसपास पाच-सात किलोमीटरांत किनाऱ्याचे इतके प्रकार आहेत की शिकणाऱ्याला दुसरीकडे जायला नको. कनकदुर्गाच्या पायथ्याला ओहोटीत काळा कातळ उघडा पडतो. त्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात समुद्रफुले, खेकडे, शंखातले संन्यासी खेकडे, लहान मासे अडकून राहतात. कातळाला कालवे चिकटलेली असतात आणि हातात लोखंडी कोयती घेतलेल्या बायका ती फोडत असतात. उत्तरेला जोग नदीच्या मुखाशी खारफुटी आहे. तिथल्या चिखलात मासळीची पिल्ले वाढतात, म्हणजे बंदरावरच्या ढिगाची सुरुवात त्या चिखलात आहे. नदीपलीकडे आंजर्ल्याची लांब पुळण, तिच्यावर मर्यादवेलीची जांभळी फुले आणि मागे सुरूचे बन. कड्यावरच्या गणपतीच्या देवळातून हे सगळे एका नजरेत येते, आणि तिथून दक्षिणेला पाहिले की सुवर्णदुर्गाने बंदराला कसा आडोसा दिला आहे, ते नकाशाशिवाय समजते. हिवाळ्यात दूरच्या उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी या पुळणीवर थव्याने बसलेले असतात. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर घरटे करतो आणि वर्षानुवर्षे त्याच घरट्यात काड्यांची भर घालतो. ते झाड तोडले की जोडीचा ठिकाणा सुटतो.

कासवांची गोष्ट आनंदाची आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री पुळणीवर येतात, वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, उरली ती कुत्रे आणि कोल्हे उकरत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला संरक्षण सुरू केले आणि काम हळूहळू आंजर्ल्यासह इतर गावांत पसरले. घरटी कुंपणात हलवली जातात, दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात आणि पुळणीवर सोडली जातात. मच्छीमारांचा यातला वाटा मात्र पुरेसा सांगितला जात नाही. जाळ्यात अडकलेले कासव सोडवायचे तर जाळे कापावे लागते आणि जाळे म्हणजे भांडवल. २०१८ मध्ये राज्य सरकारने अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. पण त्याआधीही कासवाला हळदकुंकू वाहून पाण्यात सोडणारे तांडेल या किनाऱ्यावर होतेच.

३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा रायगडबरोबर दापोली आणि मंडणगडलाही बसला. आंजर्ले, पाजपंढरी, हर्णै, मुरुड, आसूद इथली छपरे उडाली आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस, वीज आठवडेच्या आठवडे नाही, मासेमारी आधीच बंद. घरे पुन्हा शाकारता आली. बागांचे तसे नसते. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पुष्कळ वर्षे जातात. आज त्या वाड्यांत ठेंगणी झाडे दिसतात, ती त्या वर्षानंतरची आहेत.

समुद्रातल्या संकटाचे स्वरूप वेगळे आहे. प्रखर दिवे पाण्यात सोडून मासळी गोळा करणे आणि मोठ्या पर्ससीन जाळ्याने ती एकदम उचलणे, यामुळे लहान बोटींच्या वाट्याला काही उरत नाही. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, राज्याचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये कडक झाला, पण रात्रीच्या समुद्रावर कायदा बजावायला गस्तीच्या बोटी आणि इच्छा दोन्ही लागतात. या भागातले मच्छीमार त्यासाठी रस्त्यावर उतरले आहेत, उपोषणाला बसले आहेत. त्यांची मागणी वाजवी आहे. ते आपल्याच व्यवसायावर मर्यादा मागत आहेत, असे उदाहरण इतर धंद्यांत क्वचितच सापडेल.

पुढची प्रकरणे काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. आधी पाणी, मग किनारा, मग बंदर आणि शेवटी किल्ले. किल्ल्यांची आवड असलेल्या वाचकाला शेवटची प्रकरणे आधी वाचावीशी वाटली तर जरूर वाचावीत, पण १७५५ च्या लढाईचे वर्णन वाचण्यापूर्वी भरतीचे प्रकरण वाचून घ्यावे. प्रत्यक्ष जायचे असेल तर पावसाळा संपल्यावर जावे. बेटावर धक्का नाही, होडी खडकाला लावून उतरावे लागते आणि वारा असेल तर होडीवाले नकार देतात. तो नकार मानावा. तटाच्या आत पाणी बरोबर न्यावे आणि झाडीत पायाखाली पाहून चालावे, कारण जुनी टाकी उघडी आहेत. दुपारनंतर परत आल्यावर लिलावाच्या कड्यात उभे राहायचे असेल, तर बैलगाडीची वाट मोकळी ठेवावी.